खोललेल्या गाडीतले शब्द

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर ओढायचं एक बटण असतं. थंडीच्या सकाळी ते बाहेर ओढून धरल्याशिवाय इंजिन सहसा सुरू होत नाही. त्याचं नाव चोक. इंग्रजीत चोक म्हणजे श्वास कोंडणं, गळा आवळणं. पुष्कळशा कार्ब्युरेटरांत हे नाव शब्दशः खरं असतं. बटण ओढलं की हवेच्या वाटेत एक झडप आडवी येते, हवा कमी पडते, त्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि गारठलेलं इंजिन पेट घेतं. एमजीबीवरच्या एसयू कार्ब्युरेटरात मात्र अशी झडपच नाही. तिथे तार ओढली की तळाचा जेट खाली सरकतो, त्याच्यातल्या निमुळत्या सुईभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल वाढतं. हवा कुणी अडवत नाही, तरी बटणाला म्हणायचं चोकच.

आपल्या गॅरेजांत हा शब्द आणखी एका अर्थाने रुळला. ‘जेट चोक झालाय’, ‘फिल्टर चोकअप आहे’, आणि तिथून तो थेट मोरीत गेला: ‘बेसिन चोकअप झालंय.’ मराठीत यासाठी दोन चांगली क्रियापदं आहेत. गटार तुंबतं, नाक चोंदतं. जेटच्या केसाएवढ्या भोकाला कचरा लागून ते बंद होतं तेव्हा मला ‘चोंदला’ हेच नेमकं वाटतं, कारण तुंबायला मागे पाण्याचा साठा लागतो आणि चोंदायला नुसती अरुंद वाट पुरते.

साठ वर्षांपूर्वीची गाडी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणाऱ्याला असे शब्द पावलोपावली भेटतात. मोटार नवी होती, पण तिच्या भागांना नावं देणाऱ्यांच्या तोंडी आधीच्या धंद्यांचीच भाषा होती: घोडागाडीची, लोहाराच्या भट्टीची, बंदुकीची, रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांची. आजच्या मोटारीत ते भाग प्लास्टिकच्या झाकणाखाली आणि संगणकाच्या ताब्यात गेले आहेत. जुन्या गाडीत शब्दावर अजून बोट ठेवता येतं, आणि बोट काळंही होतं. म्हणून शब्दांची आवड असलेल्या माणसाने एकदा तरी अशी गाडी खोललेली पाहावी.

एमजी हे नावच मुळी दुरुस्तीच्या जागेवरून पडलं आहे: मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिसने १८९३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ऑक्सफर्डजवळ सायकलदुरुस्ती सुरू केली. पुढे तो मोटारींकडे वळला, आणि त्याच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजांचा व्यवस्थापक सेसिल किंबर १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर चपळ, उघड्या बॉड्या चढवून विकू लागला. ‘गॅरेज’ हा शब्द तेव्हा इंग्रजीतही नवा, फ्रेंचांकडून नुकताच आलेला. फ्रेंच ‘गारे’ म्हणजे बाजूला सुरक्षित लावून ठेवणं. आधी हे नावांबद्दल बोललं जाई, नदीकाठी बांधून ठेवलेल्या नावांबद्दल. आज आपल्या रस्त्यांवर एमजीच्या नव्या गाड्या फिरतात, त्यांचा कारखाना गुजरातेत हलोलला आहे आणि एमजी हे नाव आता चिनी कंपनीच्या मालकीचं. पण त्या दोन अक्षरांत ऑक्सफर्डची ती गॅरेजं अजून आहेत.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बी-सिरीज नावाच्या घराण्यातलं, आणि याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये कित्येक वर्षं होतं. अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. त्यामुळे अँबॅसडरवर हात बसलेल्या आपल्याकडच्या मेस्त्रीसमोर एमजीबीचं बॉनेट उघडलं, तर त्याला आतलं इंजिन ओळखीचं वाटेल. ते दोन कार्ब्युरेटर तेवढे बघून तो थांबेल.

त्या कार्ब्युरेटरांवर मलाही थांबायचं आहे. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्याचा भाऊ टॉमस कार्लाइल स्किनर या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कार्ब्युरेटर घडवला. घराणं लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या बुटांच्या पेढीचं. आडनावच पाहा: स्किनर म्हणजे कातडी कमावणारा, कातड्याचा व्यापारी. या भावांच्या पहिल्या कार्ब्युरेटरात हवेच्या ओढीप्रमाणे वरखाली होणारा भाग चक्क चामड्याचा होता, घड्या घातलेला, फुगणारा आणि मिटणारा. आपण त्याला भाता म्हणू. मराठीत भाता संस्कृत ‘भस्त्रा’वरून आला, आणि भस्त्रा म्हणजे मुळात चामड्याची पिशवी. लोहार जो हलवतो तो भाता, पाठीवर बाण ठेवायचा तोही भाता, आणि प्राणायामातली भस्त्रिकाही त्याच पिशवीची लेक. बूट विकणाऱ्या घरातल्या मुलांना मोटारीच्या श्वासासाठी चामड्याची पिशवी सुचावी, आणि आपल्या भाषेत श्वासाच्या यंत्राचं नाव चामड्याच्या पिशवीवरून पडलेलं असावं, हा योग मला फार आवडतो. पुढे चामडं गेलं, धातूचा पिस्टन आला, १९२६ मध्ये मॉरिसने ही कंपनीच विकत घेतली. पण काम भात्याचंच राहिलं.

ते नीट चाललं आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. इंजिन गरम झाल्यावर कार्ब्युरेटरातला पिस्टन अगदी थोडा, इंचाचा बत्तिसावा भाग, उचलायचा. इंजिनाचा वेग चांगलाच वाढला आणि वाढलेला राहिला, तर पेट्रोल जास्त होतंय. इंजिन मरू लागलं तर कमी पडतंय. क्षणभर जरासं चढून पुन्हा होतं तसं झालं, तर मिश्रण बरोबर. चुकत असेल तर जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा आणि पुन्हा उचलून पाहायचं. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढताहेत का, हे तर कानाने कळतं. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दोघांचे सुस्कारे जुळेपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. पिस्टनच्या वरच्या नळीत थोडं पातळ तेल असावं लागतं. ते आटलं की ॲक्सिलरेटर झटकन दाबताच गाडी गचका खाते, आणि नवखा माणूस दोष स्पार्क प्लगला देतो.

कार्ब्युरेटर या नावात कोळसा आहे. लॅटिन ‘कार्बो’ म्हणजे कोळसा, त्यावरून कार्बन. एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या गॅसची ज्योत उजळ व्हावी म्हणून तो गॅस हायड्रोकार्बनच्या वाफेने समृद्ध करीत, त्या क्रियेला कार्ब्युरेट करणं म्हणत आणि त्या उपकरणाला कार्ब्युरेटर. मोटारीने तो शब्द दिवाबत्तीकडून उचलला. आपल्याकडे त्याचा कार्बोरेटर, कार्बेटर झाला. मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. कार्बेटर तोंडात चांगला बसतो.

पेट्रोल आणि रॉकेल ही जोडी याहून मजेची. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पेत्रा’ म्हणजे खडक आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल, त्यांचं मिळून पेट्रोलियम, खडकातलं तेल. लंडनच्या कार्लेस, केपल अँड लेनर्ड या पेढीने १८९० च्या दशकात ‘पेट्रोल’ हे आपल्या मालाचं नाव म्हणून वापरात आणलं. इंग्रजीत याच खनिज तेलाला साधेपणाने रॉक ऑइल म्हणत, आणि त्याचं मराठीत झालं रॉकेल. म्हणजे टाकीत भरतो ते आणि स्टोव्हमध्ये घालत होतो ते, दोघांचा शब्दार्थ एकच. गॅरेजात तर ही भावंडं शेजारी शेजारी असत: पेट्रोलचा कार्ब्युरेटर खोलून रॉकेलमध्ये धुवायचा.

धुवायचा कशात? घमेल्यात. घमेलं पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलं, गामेला म्हणजे लाकडाची कोरीव परात. एकदा ही वाट सापडली की गाडीभोवती पोर्तुगीज शब्दांची रांग लागते. दाराला बिजागरी आहे, ती ‘बिसाग्रा’. कुलूप उघडायला चावी आहे, ती ‘शाव्ह’, लॅटिन ‘क्लाविस’ची नात, पोर्तुगीजांत ‘शाव्ह’ पान्यालाही म्हणतात, आणि आपण ज्याला ॲडजस्टेबल पाना म्हणतो तो त्यांची ‘इंग्लिश चावी’. ‘बोंबा’ म्हणजे पंप. त्यावरून आपला पाणी तापवायचा आणि आग विझवायचा बंब. एमजीबीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि मागच्या चाकाजवळ बसवलेला असतो. किल्ली फिरवली की तो टकटक करतो, कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टकटक ऐकू आलीच नाही, तर बहुधा त्याच्या आतले विजेचे पॉइंट जळून खरबरीत झालेले असतात. अशा वेळी त्याला हलकेच ठोकलं तर तो पुष्कळदा जागा होतो आणि घरी पोचवतो. घरी पोचल्यावर मात्र पॉइंट बदलायलाच हवेत. आणि हे काम जो करतो तो मेस्त्री, पोर्तुगीज ‘मेस्त्र’, लॅटिन ‘मागिस्तेर’. इंग्रजीतून ‘मास्टर’ आला, त्याचा मास्तर झाला, आणि त्याचंही मूळ ‘मागिस्तेर’च. शाळेतला मास्तर आणि गॅरेजातला मेस्त्री एकाच शब्दाची मुलं आहेत. एक गोव्याच्या बाजूने आला, एक मुंबईच्या.

हत्यारांच्या पेटीत भाषा आणखी दाट आहे. पेचकस फारसीतून आला: ‘पेच’ म्हणजे पीळ, वळसा, आणि ‘कश’ म्हणजे ओढणारा. कुस्तीतला डावपेच, पेचप्रसंग आणि सिगारेटचा कश या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. पक्कड सरळ पकडण्यावरून. इंग्रजी वॉशरचा मराठी नळदुरुस्तीवाल्यांनी वायसर केला आणि तो इतका आपला झाला की वॉशर म्हटलं तर कपडे धुणारा वाटावा. स्पॅनर मुळात बंदुकीचा. जर्मन ‘श्पानेन’ म्हणजे ताणणं, आणि सतराव्या शतकात स्पॅनर म्हणजे चाकाच्या चापाच्या बंदुकीची कमान ताणून बसवायची किल्ली. बंदूक गेली, किल्ली नटांवर आली.

आपल्या गॅरेजात पान्यांना जोडीने हाक मारतात: दहा-अकरा दे, बारा-तेरा दे. हे आकडे मिलिमीटरचे, पान्याच्या दोन तोंडांचे. एमजीबीवर ते चालत नाहीत, कारण तिचे नट इंचांतले. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. त्यावर तेराचा पाना बसतो, जरासा हलतो, आणि नट घट्ट गंजलेला असला तर कोपरे गोल करून सुटतो. जुन्या गाडीवर पहिला खर्च इंचांच्या पान्यांवर करावा, हे मी ठासून सांगेन.

पण इंचांची एक मोजणी आपल्याकडे होतीच, आणि अजून आहे: सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, फिटर, बांधकामावरचे गवंडी सगळे सुताने बोलतात. तीन सुताचा बोल्ट, चार सुताची सळी. सूत ‘सूत्रा’वरून, आणि सूत्र धरतो तो सूत्रधार, त्याचाच सुतार झाला. नाटकातला सूत्रधार आणि रंधा मारणारा सुतार एकाच दोरीला धरून आहेत. या मोजणीचं विशेष असं की ‘तीन सुताचा बोल्ट’ म्हणताना आपण बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो, डोक्याची रुंदी नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं, तेव्हा ब्रिटनमध्येही हीच रीत पडली. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, म्हणून पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून थोडं मोठं निघतं आणि नवा माणूस चक्रावतो. एमजीबीच्या काळापर्यंत रीत बदलली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बोल्टाला अमेरिकन नट बसेना, कारण व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि अमेरिकनांचा ६० अंशांचा. म्हणून १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एकच प्रमाण ठरवलं. एमजीबीवर मुख्यतः तेच आटे आहेत, आणि पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन पैलूंमधलं अंतर सांगतो. ल्यूकस कंपनीच्या विजेच्या भागांवरचे लहान स्क्रू मात्र तिसऱ्याच, बीए नावाच्या प्रमाणाचे. दिसायला सारखा म्हणून दुसरा स्क्रू दामटून फिरवला की आटे गेले.

आटे! मराठीच्या कारागिरीतला हा माझा आवडता शब्द. इंग्रजीत स्क्रूच्या या वळ्यांना धागा म्हणतात. आपण आटे पाडतो, आटे बसतात, आटे झिजतात, आटे जातात. इतका नेमका शब्द असताना शाळेच्या पुस्तकांतून त्यासाठी संस्कृत प्रतिशब्द कशाला घडवायचा, हे मला कळत नाही. कोशकारांनी एकेक दिवस एकेका गॅरेजात काढावा.

गाडीच्या बाहेरच्या बाजूचे शब्द भराभर सांगतो, कारण त्यांच्या गोष्टी सोप्या आहेत. डॅशबोर्ड घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. टायर म्हणजे पोशाख, ‘अटायर’मधला, लाकडी चाकाला बाहेरून चढवलेलं लोखंड. आपल्या बैलगाडीत त्याच लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. एमजीबीला तारांची चाकं असली तर त्या तारा म्हणजे आरे, संस्कृत ‘अर’. आणि चाक ज्यावर फिरतं तो आस संस्कृत ‘अक्षा’वरून, ज्याचं लॅटिन ‘ॲक्सिस’शी आणि इंग्रजी ‘ॲक्सल’शी रक्ताचं नातं आहे. आरे सैल झाले आहेत का, हे बघायला एकेकावर हलकं ठोकून आवाज ऐकतात. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द.

डिकी आणि स्टेपनी यांच्यापाशी जरा रेंगाळायला हवं, कारण जन्मदेशात विझलेले हे शब्द आपण जिवंत ठेवले आहेत. डिकी ही खरीखुरी स्पोर्ट्स कारची चीज. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या दोन आसनी उघड्या गाड्यांच्या शेपटीत एक झाकण असे. ते मागे उघडलं की त्याचंच आसन होई आणि आणखी दोघं वाऱ्यापावसात बसत. त्याला डिकी सीट म्हणत. त्याआधी घोडागाडीच्या मागच्या बाजूच्या, नोकराच्या बैठकीला तेच नाव होतं. ते आसन गेलं, खालची पोकळी राहिली. ब्रिटनमध्ये तिला बूट म्हणू लागले, आपण डिकी म्हणत राहिलो, आणि आता तर स्कूटरच्या सीटखालच्या खणालाही डिकी म्हणतो. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेथली गावातल्या रस्त्याचं नाव. तिथल्या टॉमस मॉरिस डेव्हिसने १९०४ च्या सुमारास, गाड्यांबरोबर जादा चाक मिळत नसे त्या काळात, आरे नसलेली एक टायर चढवलेली धाव बनवली. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने आवळून बसवायची आणि पुढे निघायचं. कंपनी इतिहासजमा झाली. आपल्याकडे ‘स्टेपनीत हवा आहे का’ हे प्रवासाला निघताना अजून विचारतात.

आता गंजाकडे येऊ, कारण एमजीबीचा खरा शत्रू तोच. चासी हा शब्द फ्रेंच ‘शासी’वरून, म्हणजे चौकट, खिडकीचीसुद्धा. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला अशी वेगळी चासी होती. एमजीबीला नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा. बराचसा भार दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर येतो. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात, म्हणजे घराच्या दाराचा असतो तो उंबरठाच. संस्कृतात ‘उदुंबर’ या शब्दाला उंबराचं झाड आणि उंबरठा असे दोन्ही अर्थ आहेत. एमजीबीचा उंबरठा आतून कुजतो, बाहेरून रंग चकचकीत असतानाच. ओळखायची खूण दारात आहे: दाराची मागची फट वर आणि खाली सारखी नसेल, किंवा जॅक लावल्यावर दार अडकू लागलं, तर गाडी कमरेत वाकते आहे. कुजका भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या सळ्या जोडून घ्याव्या लागतात, नाहीतर वेल्डिंग सुबक होतं आणि दार कायमचं लागत नाही.

अशा कामाला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे. डागडुजी फारसी ‘दाग’ आणि ‘दोजी’वरून आली, दोजी म्हणजे शिवण, जरदोजीतली तीच. पत्र्याला ठिगळ लावणं म्हणजे डागडुजी. मरम्मत अरबी; तिला मराठीत माराचा वास लागला. आणि दुरुस्ती फारसी ‘दुरुस्त’वरून, म्हणजे योग्य, धड, तन दुरुस्त असणारा तो तंदुरुस्त. वेल्डिंग करून ठिगळ मारलं ही डागडुजी झाली. दाराची फट पुन्हा सरळ आली तरच ती दुरुस्ती. बिघाड मात्र आपला, ‘वि’ आणि ‘घट्’ यांचा, म्हणजे घडलेलं विघडणं. ‘घटना’ शब्दातही हाच ‘घट्’ आहे.

जॉन हेन्स या माणसाने ही घडण्या-विघडण्याची रीत पुस्तकात आणली. ब्रिटिश हवाई दलात एडनला असताना त्याने एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलताना पायरीपायरीचे फोटो काढले आणि १९६६ मध्ये त्याच गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक काढलं. स्प्राइटही ॲबिंग्डनचीच. गाडी प्रत्यक्ष पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि मग लिहायचं, हा त्याचा नियम होता. आपल्या गॅरेजात या दोन टोकांसाठी खोलणं आणि बसवणं असे शब्द आहेत. ‘खोलणं’ हिंदीतून आलं म्हणून काहींना खटकतं. मला खटकत नाही, कारण ‘उघडणं’ झाकणापाशी थांबतं आणि ‘खोलणं’ शेवटच्या वायसरपर्यंत जातं.

‘बसणं’ मात्र अस्सल मराठी आणि अवघड. नट बसला, दार बसलं, आटे बसले, हात बसला: सगळं जमलं. बॅटरी बसली, आवाज बसला, इंजिन बसलं: सगळं गेलं. इंजिन खोलून, रिंगा बदलून, पुन्हा गाडीत चढवल्यावर मेस्त्री म्हणतो ‘बसलं एकदाचं’, तेव्हा मराठी न येणाऱ्याने त्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावं. आणि मराठी येणाऱ्याने सेल्फ मारून बघावा.